मोटारगाडीच्या चाकांवरील प्लॅस्टिकचें अस्तर : त्याची सफाई व दुरुस्ती

बैलगाडीच्या चाकांस वंगण घालणें, आंस तपासणें, पावसाळ्यापूर्वीं सैल झालेल्या धावा बसवून घेणें, हीं कामें शेतकऱ्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या न चुकतां होत आलीं. आतां कित्येक घरीं बैलगाडीच्या जागीं चारचाकी मोटार आली आहे. तिच्या इंजिनाकडे, टायरांकडे व बाहेरील रंगाकडे मालकाचें लक्ष असतें; परंतु चाकाच्या वर, कमानीच्या आंत, जें काळें प्लॅस्टिकचें अस्तर बसविलेलें असतें त्याकडे सहसा कोणी वांकून पाहत नाहीं. गाडी धुतांना त्यावर पाण्याचा एक फवारा मारला व चकाकी आणणारें एखादें द्रव्य वरून फासलें म्हणजे काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत आहे. शेतांतून फिरणाऱ्या गाडीस ही समजूत घातक आहे. अस्तराचा दर्शनी भाग पांढुरका पडला तर गाडी वाईट दिसते इतकेंच. पण त्याच अस्तराच्या पाठीमागें सांचलेली ओली माती पत्रा खाऊन टाकते, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून सफाई कोठून आरंभावी, ती कोणत्या क्रमानें करावी, आणि अस्तराचा गेलेला काळेपणा मागाहून कसा परत आणावा, याचा विचार येथें केला आहे.

या अस्तरास कारागीर लायनर म्हणतात. कोणी सरसकट मडगार्डच म्हणतात. जुन्या जीपगाड्यांची कमान नुसती पत्र्याची असे. चाकानें उडविलेले खडे थेट पत्र्यावर बसत, रंगाचे टवके निघत व तेथें गंज धरी. पुढें कमानीच्या आंत प्लॅस्टिकचा वांकदार पडदा बसविण्याची पद्धति आली. खडे, चिखल व पाणी आपल्या अंगावर घेणें, तें इंजिनाच्या बाजूस शिरूं न देणें व रस्त्याचा आवाज कमी करणें, हीं त्याचीं कामें. प्रवासी गाड्यांत पुढील चाकांस तें बहुधा असतें. मागील चाकांस किंवा मालवाहू गाडीस असेलच असें नाहीं. तें पत्र्यास चिकटविलेलें नसतें; प्लॅस्टिकच्या क्लिपांनीं व थोड्या स्क्रूंनीं धरलेलें असतें, आणि त्याच्या व पत्र्याच्या मध्यें पोकळी राहते. सारें बरेंवाईट या पोकळींत आहे.

अस्तर कशाचें असतें?— बहुतकरून पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लॅस्टिकचें. या द्रव्याची सुव्यवस्थित घडण इटलींतील मिलान येथें गिउलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञानें १९५४ सालीं साधली, आणि या जातीच्या शोधांबद्दल त्यास व जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यास मिळून १९६३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शेतकऱ्यास या द्रव्याची ओळख निराळ्या रूपानें आहेच. विणलेलीं प्लॅस्टिकचीं पोतीं पुष्कळदां याचींच असतात. अस्तर काढून उलटें केलें तर पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘पीपी’ अशी खूण सांपडते. तिच्यापुढें ‘टी’ व २० चा आंकडा असेल तर शंभरांत वीस भाग शंखजिऱ्याची पूड मिसळली आहे असें समजावें. ‘पीई’ अशी खूण असली तर तें पॉलिएथिलीन होय. त्याच्या सफाईची रीत हीच.

पाणी, साबण व खतांचे क्षार यांनीं या प्लॅस्टिकचें कांहीं बिघडत नाहीं. त्याचे मोठे शत्रु दोन, ऊन आणि आंच. तें सुमारें १६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें वितळतें, पण त्यापूर्वींच मऊ पडून आकार सोडतें. उन्हाचा परिणाम पाहावयाचा तर बांधावर पडून राहिलेलें खताचें रिकामें पोतें पाहावें. कांहीं महिन्यांत हात लावतांच त्याचा भुगा होतो. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण व हवेंतील प्राणवायु मिळून प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब सांखळ्या तोडतात. गाडीच्या अस्तरांत व ठिबकच्या नळ्यांत काजळी मिसळलेली असते ती मुख्यतः याचसाठीं. काजळी किरण स्वतः शोषून घेते व खालच्या प्लॅस्टिकास वांचविते. तरीहि कालांतरानें अगदीं वरचा पातळ थर झिजतो, त्यास सूक्ष्म भेगा पडतात, उजेड त्या भेगांवरून विखुरतो, आणि काळें प्लॅस्टिक राखी दिसूं लागतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कमानीच्या बाहेरच्या कडेवरील पट्टीस ऊन भरपूर लागतें, पण आंतलें अस्तर दिवसभर सावलींत असतें. म्हणून आंतलें अस्तर पांढुरकें दिसलें तर उन्हास दोष देण्यापूर्वीं माती व पाणी यांची चौकशी करावी. आमच्या मतें शेतकऱ्याच्या गाडींत दहांपैकीं आठ वेळां तो पांढरेपणा प्लॅस्टिकचा नसतोच. खरखरीत पृष्ठभागांत बसलेल्या चिकणमातीचा, किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यांतील चुन्याचा असतो. ओलें असतांना काळें व वाळतांच पांढरें, हें तिन्ही प्रकारांत सारखेंच घडतें. त्यावरून निदान होत नाहीं. साबणानें दोन वेळां धुऊन पूर्ण वाळूं द्यावें आणि मग बोट घांसून पाहावें. बोटास मातकट कण लागले तर माती अजून आहे. लिंबाचा रस किंवा सिरका लावलेल्या फडक्यानें पुसतां डाग निघाला, तर तो चुना. या दोहोंनींहि न जातां फडक्यास राखी पूड लागत राहिली, तरच वरचा थर उन्हानें गेला असें म्हणावें. घडीवर किंवा खडा लागलेल्या जागीं पांढरी रेघ दिसते ती ताणाची खूण होय. ती धुण्यानें जात नाहीं, व तिच्यामुळें कांहीं अडतहि नाहीं.

पोकळींतील माती.— दख्खनच्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून झालेल्या आहेत. त्यांतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळतांना आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यांत या जमिनीस हातहात भेगा पडतात. अशी माती चाकानें उडून अस्तराच्या कडेवरून व क्लिपांच्या भोंकांतून मागें जाते आणि पत्र्याच्या दुमडींत, जोडाच्या रेघेवर, उंबऱ्याच्या तोंडाशीं थापली जाते. तेथें वारा नाहीं, ऊन नाहीं. बाहेरची गाडी तासाभरांत वाळते. ही माती आठ आठ दिवस ओली राहते. गळवावर पोटीस बांधावें तशी ती पत्र्यावर बांधली जाते. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु दोन्ही लागतात, आणि ओल्या मातीच्या पातळ थरांतून दोन्ही पत्र्यापर्यंत पोंचतात. वाहतें पाणी येऊन निघून गेलें तर इतकें नुकसान होत नाहीं. कोंकणांतील तांबडी जांभ्याची माती इतकी फुगत नाहीं व धुण्यास सोपी. पण तेथील खारी दमट हवा ती उणीव भरून काढते.

त्यांत खताची भर पडते. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोरीनचा असतो, आणि क्लोराइड हें लोखंडाचें वैरी आहे. यूरिया स्वतः इतका तिखट नाहीं, पण ३० अंश उष्णमानांत हवेची आर्द्रता शेंकडा ७२-७३ च्या वर गेली कीं तो हवेंतलें पाणी ओढूं लागतो. पावसाळ्यांत तितकी आर्द्रता कित्येक दिवस सतत असते. फाटक्या पोत्यांतून सांडलेलें, किंवा खत टाकलेल्या शेतांतून चाकास लागलेलें खत मातीबरोबर पोकळींत गेलें म्हणजे ती माती पाऊस नसतांहि दमट राहते. दसऱ्याच्या दिवशीं गाडीस हार घालणारे मालक खत वाहिल्याच्या दिवशीं दोन बादल्या पाणी घालीत नाहींत, याचें नवल वाटतें.

हा गंज कोठवर जातो? पत्रा पातळ होणें ही पहिली पायरी. पुढें जोडाचे ठिपके सुटतात, उंबरा आंतून पोकळ होतो, आणि त्याच भागांतून जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळीवर खड्डे पडतात. नळीच्या बाबतींत प्रश्न पैशाचा राहत नाहीं.

कामाचा क्रम.— जमीन सपाट व कठीण असावी. शेतांत किंवा खळ्याच्या मऊ मातींत गाडी उचलूं नये. चाकाचे नट गाडी खालीं असतांनाच थोडे सैल करावे. जें चाक उचलावयाचें त्याच्या विरुद्ध टोंकाच्या चाकांस दोन्हीं बाजूंनीं दगड किंवा लांकडी पाचर लावावी. बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागील चाकांवर चालतो, तेव्हां मागील चाक उचलतांना त्याचा भरंवसा धरूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. गाडी उचलल्यावर तिच्या सांगाड्याखालीं लोखंडी घोडी लावावी व तिच्यावर भार द्यावा. त्यानंतरच चाक काढून हात आंत घालावा. विटांचा ढीग घोडीचें काम करीत नाहीं. वीट एकाएकीं फुटते. घोडी नसेल तर चाक काढूं नये. पुढचीं चाकें पूर्ण एका बाजूस वळवून जेवढें दिसेल तेवढेंच धुवावें व बाकीचें काम कारागिराकडून करवून घ्यावें.

हात घालण्यापूर्वीं काठीनें ठोकून पाहावें. या पोकळींत उंदीर गवताचीं घरटीं करतात, आणि जेथें उंदीर तेथें त्याच्यामागून येणाराहि असूं शकतो. विंचू तर पुष्कळांस भेटले आहेत.

काळी माती काढण्याची एक खूबी आहे. पुरती वाळलेली माती आकसून सुटी होते. लांकडी पट्टीनें ठोकतां ढेकळेंच्या ढेकळें पडतात. पुरती भिजलेली माती पाण्याबरोबर वाहते. या दोहोंच्या मधली, वाफशाहून थोडी ओली असलेली माती मात्र हातास, ब्रशास व प्लॅस्टिकास सारखीच चिकटते. त्या अवस्थेंत काम करणें म्हणजे ती सर्वत्र सारवणें होय. तेव्हां आधीं ठोकून मोठा भाग पाडावा, मग भरपूर पाणी मारून पाव तास भिजूं द्यावें, आणि नंतर घांसावें. वाळलेली माती कोरड्या ब्रशानें घांसली तर तिच्यांतील बारीक खर प्लॅस्टिकावर ओरखडे पाडते, व ते ओरखडे पुढें पांढरे दिसतात. लोखंडी उलथणें किंवा स्क्रूड्रायव्हर यांनीं खरवडूं नये.

धुण्यास भांड्यांच्या पातळ साबणाचें पाणी पुरतें. रिठे भिजवून केलेलें पाणीहि चांगलें चालतें. काथ्याचा किंवा ताठ केसांचा ब्रश घेऊन वरून खालीं घांसावें, म्हणजे सुटलेली माती पुन्हां धुतलेल्या भागावर येत नाहीं. डांबराचे काळे ठिपके असतील तर फडक्यास थोडें घासलेट लावून तेवढीच जागा पुसावी व लगेच साबणानें धुवावी.

पुष्कळ बागाईतदार औषधफवारणीचा एचटीपी पंप गाडी धुण्यास लावतात. पाण्याचा जोर चांगला मिळतो हें खरें, पण दोन गोष्टी सांभाळाव्या. एक, नळीचें तोंड हातभर दूर ठेवावें. चाकाच्या बेअरिंगवर, रबरी टोप्यांवर व ब्रेकच्या बारीक वायरींवर धार रोखून धरूं नये, नाहींतर पाणी वंगणांत शिरतें. दुसरें, टांकी व नळी आधीं तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुऊन घ्यावी. पंपांत तणनाशक राहिलेलें असेल तर तें अंगावर उडतें व धुण्याचें पाणी जेथें जाईल तेथें जातें. २,४-डी चा अल्प अंशहि कपाशीस व द्राक्षवेलीस बाधतो. तणनाशकासाठीं ठेवलेला पंप गाडीस न लावणेंच बरें.

ठिबकच्या नळ्यांतील क्षार काढण्यासाठीं कित्येकांच्या घरीं आम्लाचे कॅन असतात. चुन्याचे डाग काढण्यासाठीं त्यांचा मोह होतो. हा मोह कटाक्षानें टाळावा. प्लॅस्टिक त्यांतून निभावेल, पण खालीं गळणारें आम्ल पत्र्यावरील जस्ताचा थर, ब्रेकचे भाग व ॲल्युमिनियमचीं चाकें खातें, आणि डोळ्यांत उडालें तर काय होईल तें सांगावयास नको. चुन्यास लिंबू किंवा सिरका पुरतो, मागाहून भरपूर पाणी.

पाठीमागची बाजू.— वर्षांतून एकदां तरी अस्तर पूर्ण काढावें. क्लिपांची मधली खुंटी आधीं उचलावी, मग क्लिप बाहेर येते. कांहीं क्लिपांची खुंटी उलट आंत दाबावी लागते. ओढाताण केली तर क्लिप तुटते व भोंकहि फाटतें. थंडींत प्लॅस्टिक कडक होतें, म्हणून हें काम उन्हें वर आल्यावर करावें. निघालेल्या क्लिपा व स्क्रू कोणत्या जागचे तें लक्षांत ठेवून एका डब्यांत टाकावे. जुन्या क्लिपांपैकीं चार दोन तुटणारच, तेव्हां त्या मापाच्या नव्या आधींच आणून ठेवाव्या.

अस्तर निघाल्यावर जें दिसेल तें पाहून कित्येक मालक थक्क होतील. एकेका बाजूस पाटीभर माती निघते. ती सर्व काढून दुमडींत बोट फिरवावें. उंबऱ्याच्या खालच्या कडेस पाणी निचरण्यासाठीं लहान भोंकें ठेवलेलीं असतात; तीं मातीनें बुजलीं म्हणजे उंबऱ्यांत शिरलेलें पाणी तेथेंच राहतें. तीं निंबाच्या काडीनें मोकळीं करावीं. तारेनें केलीं तर भोंकाच्या कडेचा रंग निघतो. ओतलेलें पाणी भोंकांतून खालीं टपकतांना दिसलें पाहिजे. मग गाडी दिवसभर तशीच उघडी वाळूं द्यावी.

गंजाचे ठिपके असतील तर तारेच्या ब्रशानें घट्ट पत्रा लागेपर्यंत घांसावें, धुवावें, पुन्हां वाळवावें, रेड ऑक्साइडचा किंवा जस्तयुक्त प्रायमर द्यावा व वर रंग किंवा गंजरोधक मेण फासावें. ठोकतां पत्रा दबला किंवा भोंक पडलें तर रंगानें झांकूं नये. तें काम पत्रेवाल्याचें आहे. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर डांबराचा जाड थर देण्याची चाल सर्रास आहे, व ती वाईट आहे. डांबराखालीं ओल कोंडली जाते, वरून सर्व काळें व ठाकठीक दिसतें, आणि आंतलें काम चालूच राहतें. ब्रेकच्या नळीवर नुसती तांबूस छटा असेल तर पुसून लक्ष ठेवावें. खवले किंवा खड्डे दिसले तर ती त्याच आठवड्यांत बदलावी.

धुण्याची जागा.— निघालेली माती कोठें पडते हाहि शेतकऱ्याचाच प्रश्न आहे. चाकांच्या कमानींत गांवोगांवची माती जमते व तिच्यांतून तणांचें बीं प्रवास करतें. गाजरगवत आपल्याकडे १९५५ सालीं पुण्यांत प्रथम नोंदलें गेलें. आज तें कोणत्या बांधावर नाहीं? त्याचें बीं अत्यंत बारीक असून एका झाडास हजारांनीं येतें, व चिखलाबरोबर सहज चिकटतें. मुळांवर गांठी करणारे सूत्रकृमि व मर रोगाच्या बुरशाहि मातींतूनच एका बागेंतून दुसरींत जातात. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागा पाहत हिंडणाऱ्यानें गाडी आपल्या बागेच्या तोंडाशीं धुणें म्हणजे शेजाऱ्याची पीडा घरीं आणणें होय. विहीर, पाट व शेततळें यांपासून दूर एक ठराविक जागा करावी, तेथें मुरुम किंवा फरशी टाकावी, आणि पाणी एका खड्ड्यांत जिरवावें. त्या जागेभोंवतीं जें उगवेल तें फुलावर येण्यापूर्वीं उपटावें. कोणतीं नवीं तणें आलीं हें येथें सर्वांत आधीं कळतें, हा एक लाभच.

काळेपणा परत आणणें.— वरील सर्व झाल्यावरच या गोष्टीकडे वळावें. माती व चुना निघाल्यावर पुष्कळदां अस्तर आपोआप काळें दिसतें व पुढें कांहीं लावण्याची गरज उरत नाहीं. तरीहि राखी राहिलें तर पाण्यांत मिसळणारें सिलिकोनचें ड्रेसिंग घ्यावें. तें पूर्ण वाळलेल्या प्लॅस्टिकावर स्पंजानें अगदीं पातळ लावावें, दहा मिनिटांनीं जास्तीचें कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें. सूक्ष्म भेगा भरल्यानें उजेड विखुरणें थांबतें व रंग खुलतो. प्लॅस्टिक नवें होत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां लावावें लागतें. अस्तराची मागील बाजू रंगविण्याचें कारण नाहीं. हें द्रव्य ब्रेकच्या चकतीवर व टायरच्या रस्त्यास लागणाऱ्या भागावर पडूं देऊं नये. चाक काढलेलें असेल तर चकतीवर फडकें बांधावें.

गांवांत याऐवजीं नाना तेलें चालतात. जळकें इंजिन-ऑइल लावतां चार दिवस झकास चमक येते, मग त्यावर धूळ बसून पहिल्याहून घाण होतें, आणि तें ओघळून रबरी बुशांवर गेलें तर रबर फुगतें. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल खवट होतें व धूळ धरतें. उकळलेलें जवसाचें तेल मात्र वाळून पातळ पापुद्रा धरतें व कांहीं काळ टिकतें, म्हणून त्याची शिफारस ऐकूं येते. त्यास आमची हरकत एवढ्याचसाठीं कीं, त्या तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगळून टाकलीं तर हवेंतील प्राणवायु घेतां घेतां आपोआप तापून पेट घेतात. ज्या घरीं कापूस किंवा कडबा भरलेला आहे तेथें हा प्रयोग करूं नये. केलाच तर फडकीं पाण्यांत बुडवून ठेवावीं किंवा उघड्यावर पसरून वाळवावीं.

गरम हवेच्या यंत्रानें प्लॅस्टिक तापवून काळें करण्याची युक्तिहि कोणी सांगतात. वरचा थर क्षणभर मऊ होऊन भेगा मिटतात, त्यामुळें रंग परततो खरा. पण जरा अधिक तापलें कीं अस्तराचा वांक बिघडतो, क्लिपांचीं भोंकें जुळत नाहींत, आणि मागून जाणाऱ्या वायरींचा विमा कोणी उतरविलेला नसतो. सावलींतल्या अस्तरासाठीं हा खटाटोप व्यर्थ आहे.

रंग देण्याविषयीं वारंवार विचारलें जातें. अळूच्या पानावर पाणी ठरत नाहीं तसा पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग ठरत नाहीं. वाळल्यावर पहिल्या खड्यासरशीं त्याच्या साली निघतात. या प्लॅस्टिकासाठीं केलेला खास प्रायमर आधीं दिला तर रंग धरतो, पण खड्यांचा मारा जेथें रोजचा आहे तेथें तोहि फार दिवस टिकत नाहीं. बाहेरच्या पट्टीस द्यावयाचा तर द्यावा. आंतल्या अस्तरास रंग देऊं नये.

फाटलेलें अस्तर.— साध्या सरसानें किंवा दोन नळ्यांच्या एपॉक्सीनें सांधा धरत नाहीं, कारण वरचेंच. चिरेच्या टोंकाशीं लहान गोल भोंक पाडावें, म्हणजे चीर पुढें सरकत नाहीं. मग दोन्ही कडांस समोरासमोर भोंकें घेऊन केबल-टायनें चपलेच्या शिवणीसारखें ओवून घ्यावें. दिसावयास ओबडधोबड, पण टिकतें. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून जोडणारे कारागीर मोठ्या गांवीं मिळतात. सांधा तसा उत्तम. गांठी चाकाकडे न ठेवतां पाठीकडे ठेवाव्या, व चाक दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून टायर कोठें घासत नाहीं हें पाहावें. लोंबणारें अस्तर तसेंच सोडणें धोक्याचें आहे. वेगांत टायरनें तें ओढलें तर क्लिपांसकट फाटून चाकांत गुंततें. वांकवितां कडकड मोडूं लागलेलें अस्तर दुरुस्तीच्या पलीकडचें समजून बदलावें.

अलीकडील कांहीं गाड्यांत अस्तर प्लॅस्टिकचें नसून घोंगडीसारख्या दाबलेल्या धाग्यांचें असतें. त्यास कोणतेंहि ड्रेसिंग किंवा तेल लावूं नये, काथ्याचा ब्रश जोरानें फिरवूं नये. नुसत्या पाण्यानें धुऊन पूर्ण वाळवावें. तें पाणी व माती अधिक धरून ठेवतें, म्हणून चिखलांत जाणाऱ्या गाडींत त्याच्याकडे अधिक वेळां पाहावें लागतें.

जुनी गाडी विकत घेणारासहि हें सारें उपयोगी आहे. विकणारा कमानीच्या आंत काळें चकचकीत द्रव्य फांसून ठेवतो, व तें पाहून गिऱ्हाईक गाडी नीट ठेवलेली आहे असें मानतो. अशा वेळीं दोन क्लिपा काढून अस्तराची कड वांकवूं देण्याची विनंति करावी व बॅटरीच्या उजेडांत मागें पाहावें. ताजें डांबर, ओल्या मातीचा वास, उंबऱ्याच्या टोंकाशीं रंगाखालीं आलेले फुगवटे, हीं चिन्हें दिसलीं तर किंमतीचा विचार नव्यानें करावा. क्लिपा काढूं देण्यासच नकार आला, तर तेंहि एक उत्तरच आहे.

वेळापत्रक फार अवघड नाहीं. रोहिणी नक्षत्राच्या आधीं एकदां अस्तर काढून पूर्ण सफाई व गंजाचा उपचार करावा, म्हणजे पावसाळ्याच्या आधीं रंग पुरता वाळतो. दिवाळीच्या सुमारास, पेरणीपासूनचा चिखल पोटांत घेऊन गाडी उभी असते तेव्हां, अस्तर न काढतां कडेच्या तीन चार क्लिपा सोडून मागें पाणी मारावें. ऊसतोडीच्या हंगामांत ओल्या फडांतून गाडी नेणारांनीं महिन्यांतून एकदां तेवढेंच करावें. खत वाहिलें त्या दिवशीं मात्र थांबूं नये. संध्याकाळपूर्वीं चारीं कमानींत साधें पाणी मारून गाडी उतारावर तोंड करून उभी ठेवावी, म्हणजे उंबऱ्यांतील पाणी भोंकांतून निथळून जातें.